वॉटसनचा करार, मालकांची नाराजी आणि एनएफएलचा ऑफसीझन

ईरीकाठ

अमेरिकन फुटबॉलची लीग असलेल्या एनएफएलचा हंगाम फेब्रुवारीत सुपर बोल या अंतिम सामन्याने संपतो आणि सप्टेंबरात पुन्हा सुरू होतो. मधल्या काळात, म्हणजे ऑफसीझनमध्ये, मैदानावर काही घडत नसले तरी खेळाडूंची अदलाबदल, ड्राफ्ट (संघांनी नवोदित खेळाडूंची क्रमाने, फेरीफेरीने केलेली निवड), करारांवरून होणारे रुसवेफुगवे आणि शिस्तभंगाच्या चौकश्या यांमुळे बातम्यांचा ओघ आटत नाही. त्यांतल्या बहुतेक बातम्या हंगाम सुरू झाला की विसरल्या जातात. मार्च २०२२ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने डेशॉन वॉटसन या क्वार्टरबॅकशी (आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) केलेला करार मात्र त्याला अपवाद आहे, कारण त्यातून निर्माण झालेले तंटे २०२५ च्या ऑफसीझनमध्येही लवाद आणि राजीनाम्यांच्या रूपाने चालू होते.

या लीगशी फारसा परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी देतो. वॉटसनला ह्यूस्टन टेक्सन्सने २०१७ च्या ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर निवडले. तो क्रमांक त्यांनी ब्राउन्सकडूनच मिळवला होता, हा योगायोग आम्हा क्लीव्हलँडकरांना आजही टोचतो. सप्टेंबर २०२० मध्ये टेक्सन्सने त्याच्याशी चार वर्षांचा, सुमारे १५.६ कोटी डॉलरचा वाढीव करार केला आणि अवघ्या काही महिन्यांत, जानेवारी २०२१ मध्ये, त्याने संघ सोडण्याची मागणी केली. मार्च २०२१ पासून मसाज थेरपिस्ट म्हणून काम करणाऱ्या स्त्रियांनी त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे आरोप करणारे दिवाणी दावे दाखल करण्यास सुरुवात केली आणि दाव्यांची संख्या वाढत वीसच्या पुढे गेली. वॉटसनने सर्व आरोप सातत्याने नाकारले. २०२१ चा संपूर्ण हंगाम टेक्सन्सने त्याला पूर्ण वेतन देऊन बाहेर बसवून ठेवले.

११ मार्च २०२२ रोजी टेक्सासमधील हॅरिस काउंटीच्या ग्रँड ज्युरीने (खटला चालवण्याइतका पुरावा आहे का, हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) त्याच्यावर फौजदारी आरोप निश्चित करण्यास नकार दिला, आणि त्यानंतर एका आठवड्यात चार संघ त्याच्या दारात उभे राहिले. ब्राउन्सने आधी नकार पचवला, मग त्याला पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलर देऊ केले आणि त्यातला प्रत्येक डॉलर हमीचा केला. टेक्सन्सला त्याबदल्यात २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांची पहिल्या फेरीची निवड आणि आणखी काही निवडी मिळाल्या.

या करारावर दोन निरनिराळ्या गटांनी टीका केली. चाहत्यांचा आणि स्त्रियांच्या संघटनांचा आक्षेप असा होता की, एवढे दावे प्रलंबित असताना एखाद्या खेळाडूला लीगच्या इतिहासातील सर्वांत मोठी हमी देणे हे त्या तक्रारींची किंमत शून्य ठरवण्यासारखे आहे. इतर संघांच्या मालकांचा आक्षेप वेगळा होता. बॉल्टिमोर रेव्हन्सचे मालक स्टीव्ह बिशॉटी यांनी त्याच महिन्यात, फ्लोरिडातील पाम बीच येथे भरलेल्या मालकांच्या वार्षिक बैठकीच्या वेळी, पत्रकारांसमोर अशा आशयाची नाराजी व्यक्त केली की, संपूर्ण हमीच्या कराराचा पहिला मान या खेळाडूला मिळायला हवा होता असे आपल्याला वाटत नाही आणि यामुळे इतरांच्या वाटाघाटी अवघड होतील. लीगच्या यंत्रणेने या दोन आक्षेपांपैकी पैशाच्या आक्षेपाची दखल अधिक लवकर आणि अधिक एकजुटीने घेतली, असे माझे मत आहे. सभासदांनी त्यावर आपापली मते मांडावीत.

रात्रपाळी

उत्तम विषय. पुण्यात बसून रविवारी रात्री साडेदहाला हे सामने पाहणाऱ्या माझ्यासारख्याला एक मूलभूत शंका आहे. कराराची रक्कम २३ कोटी ठरली असेल तर ती मिळणारच, त्यात हमी वेगळी कशासाठी? शिवाय निलंबनाच्या काळात वेतन मिळत नाही असे वाचले होते; तरीही वॉटसनचे फारसे नुकसान झाले नाही असे सगळे म्हणतात, ते कसे?

परिशिष्ट

दोन्ही प्रश्नांचे मूळ एकाच ठिकाणी आहे. बेसबॉल आणि बास्केटबॉलच्या अमेरिकी लीगमध्ये करारातील रक्कम साधारणपणे खेळाडूला मिळतेच. एनएफएलमध्ये मात्र संघ खेळाडूला बहुधा केव्हाही मुक्त करू शकतो, आणि मुक्त केल्यानंतर केवळ हमीचा भाग देणे त्याच्यावर बंधनकारक असते. त्यामुळे वर्तमानपत्रात झळकणारा आकडा आणि खेळाडूच्या खात्यात जमा होणारा आकडा यांत कधी कधी निम्म्याचा फरक पडतो. शारीरिक इजेचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या खेळात हमी सर्वांत कमी असावी, ही विसंगती खेळाडूंच्या संघटनेला अनेक वर्षांपासून सलत आली आहे. २०१८ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सने कर्क कझिन्सला तीन वर्षांसाठी ८.४ कोटी डॉलर पूर्ण हमीने दिले होते, पण तो करार मुदतीने आणि रकमेने लहान होता. वॉटसनच्या आधी क्वार्टरबॅकला मिळालेली सर्वांत मोठी हमी १५ कोटींच्या आसपास होती, आणि तीही ॲरन रॉजर्सला त्याच महिन्यात मिळालेली. म्हणजे ब्राउन्सने एकाच उडीत ती मर्यादा सुमारे आठ कोटींनी ओलांडली.

हमी न देण्यासाठी मालक एका जुन्या नियमाचा आधार घेतात. पुढील वर्षांसाठी दिलेल्या हमीच्या रकमेचा मोठा भाग संघाला आधीच वेगळ्या खात्यात जमा ठेवावा लागतो. तिकिटांच्या उत्पन्नावर लीग चालत असे त्या काळात संघ दिवाळखोर होण्याची भीती खरी होती, म्हणून हा नियम आला. आज प्रक्षेपणाचे करार अब्जावधी डॉलरचे असताना त्या नियमाची गरज किती उरली आहे, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता दुसरा प्रश्न. निलंबनामुळे फक्त मूळ वेतन बुडते, सही करताना मिळणारा बोनस बुडत नाही. ब्राउन्सने २०२२ साठी वॉटसनचे मूळ वेतन केवळ १०,३५,००० डॉलर ठेवले आणि ४.४९ कोटींहून अधिक रक्कम बोनस म्हणून दिली. वेतन अठरा आठवड्यांत विभागून मिळते, म्हणून अकरा सामन्यांच्या निलंबनात त्याचे ६,३२,५०० डॉलर गेले. तीच ४.६ कोटींची रक्कम मूळ वेतन म्हणून दिली असती तर सुमारे २.८ कोटी डॉलर गेले असते. एवढेच नव्हे, तर ज्या प्रकरणांची माहिती त्याने संघाला लेखी दिली होती त्यांच्यामुळे निलंबन झाले तरी उरलेली हमी रद्द होणार नाही, असे कलमही करारात घातले होते. इतर मोठ्या करारांतही आपण पहिल्या वर्षाचे मूळ वेतन कमीच ठेवतो, असा ब्राउन्सचे जनरल मॅनेजर अँड्र्यू बेरी यांचा खुलासा होता. तो वस्तुस्थितीला धरून आहे, पण त्या विशेष कलमाचे स्पष्टीकरण त्याने होत नाही.

भोचक

थोडक्यात, शिक्षा होणार हे गृहीत धरून तिची झळ लागू नये याची तजवीज शिक्षेच्या आधीच करून ठेवली होती. वकिलाची फी वसूल झाली म्हणायची.

बायूवासी

मी ह्यूस्टनमध्ये राहते आणि हे प्रकरण आमच्या स्थानिक बातम्यांत जवळजवळ दीड वर्ष रोज होते. धागाकर्त्यांच्या मांडणीतील एका गोष्टीबद्दल मला आक्षेप नोंदवायचा आहे. मालकांचे आपापसांतले व्यवहार रंजक असतील, पण त्यांच्या चर्चेत तक्रारदार स्त्रिया पुन्हा एकदा पार्श्वभूमीला ढकलल्या जातात, आणि नेमके हेच या प्रकरणात पहिल्या दिवसापासून होत आले आहे.

काही गोष्टी नोंदवून ठेवते. जून २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने असे वृत्त दिले की, सतरा महिन्यांच्या काळात वॉटसनने मसाजसाठी किमान ६६ स्त्रियांची भेट घेतली होती, आणि टेक्सन्स संघाकडून त्याला गोपनीयतेच्या कराराचा मसुदा आणि एका हॉटेल-क्लबमधील जागा उपलब्ध झाली होती. एका व्यावसायिक संघाकडे स्वतःचे फिजिओ आणि मसाज थेरपिस्ट असताना त्यांच्या सर्वांत महागड्या खेळाडूला समाजमाध्यमांवरून इतक्या अनोळखी व्यक्तींना बोलवावे लागते, याविषयी संघातील कुणालाच शंका आली नाही, यावर विश्वास ठेवणे मला अवघड जाते. पुढच्याच महिन्यात टेक्सन्सने तीस स्त्रियांशी तडजोड केली. आपली चूक असल्याचे मात्र मान्य केले नाही. वॉटसनने स्वतः जूनमध्ये २४ पैकी २० दावे तडजोडीने मिटवले. त्या तडजोडींच्या अटी गोपनीय आहेत.

फौजदारी आरोप निश्चित झाले नाहीत हा त्याच्या समर्थकांचा मुख्य मुद्दा असतो. ग्रँड ज्युरीचा निर्णय म्हणजे निर्दोषत्वाचा निकाल नव्हे, एवढे तरी या धाग्यावर सर्वांना मान्य असावे. दिवाणी दाव्यात, फौजदारी खटल्यात आणि लीगच्या आचारसंहितेत पुराव्याची पातळी वेगवेगळी असते. एका ठिकाणचा निष्कर्ष उचलून दुसरीकडे लावण्याचा उद्योग दोन्ही बाजूंच्या चाहत्यांनी भरपूर केला आहे.

परिशिष्ट

बायूवासी यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत आहे. त्याला जोडून लीगच्या चौकशीविषयी लिहितो, कारण तिची पद्धत तेव्हा नवी होती. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील २०२० च्या सामूहिक करारापूर्वी वैयक्तिक वर्तनाच्या प्रकरणांत आयुक्त रॉजर गुडेल हेच आरोप ठेवणारे, न्याय देणारे आणि अपील ऐकणारे होते. नव्या करारात लीग आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून नेमलेला स्वतंत्र अधिकारी पहिला निर्णय देईल असे ठरले. निवृत्त संघीय न्यायाधीश सू रॉबिन्सन यांच्यासमोर आलेले वॉटसनचे प्रकरण हे त्या पद्धतीखालील पहिलेच होते. अपील मात्र आयुक्तांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीकडेच राहिले. संघटनेने वाटाघाटीत मिळवलेली गोष्ट किती अर्धवट होती, हे त्यावरून कळते.

लीगने किमान एक वर्षाचे अनिश्चित निलंबन मागितले होते. १ ऑगस्ट २०२२ रोजी रॉबिन्सन यांनी सहा सामन्यांचे निलंबन दिले. निकालपत्र वाचताना मनात गोंधळ होतो. त्यात वॉटसनचे वर्तन सावज हेरणाऱ्याचे असल्याचे म्हटले आहे, लीगच्या व्याख्येनुसार लैंगिक अत्याचार सिद्ध झाल्याचेही म्हटले आहे, आणि तरीही अहिंसक म्हणून गणल्या गेलेल्या अशा वर्तनासाठी याआधी दिलेल्या शिक्षा याहून सौम्य होत्या, म्हणून खेळाडूंना पूर्वसूचना न देता मापदंड एकाएकी बदलता येणार नाही, असा निष्कर्ष काढला आहे. कायद्याच्या चौकटीत हा युक्तिवाद चुकीचा नाही. लीगने वर्षानुवर्षे सौम्य शिक्षा देऊन स्वतःच जी उदाहरणे घालून दिली, ती तिच्याच विरोधात वापरली गेली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे लीगने अपील केले, न्यू जर्सीचे माजी ॲटर्नी जनरल पीटर हार्वी यांची नेमणूक झाली आणि त्यांचा निर्णय येण्यापूर्वीच १८ ऑगस्टला अकरा सामने व ५० लाख डॉलर दंडावर तडजोड झाली.

रात्रपाळी

याच संदर्भात कॅल्व्हिन रिडलीचे प्रकरण आठवते. अटलांटा फाल्कन्सच्या या रिसीव्हरने (चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने) मानसिक स्वास्थ्यासाठी संघापासून दूर असताना, त्याच्याच म्हणण्यानुसार, सुमारे १,५०० डॉलरच्या पैजा लावल्या. वॉटसनच्या करारापूर्वी अवघे अकरा दिवस, ७ मार्च २०२२ रोजी, त्याच्यावर किमान एका संपूर्ण हंगामाची बंदी आली आणि त्याचे १.१ कोटी डॉलरचे वेतन गेले. सट्टेबाजीच्या कंपन्यांच्या जाहिराती सामन्यांच्या दर दहा मिनिटांनी दाखवणाऱ्या लीगने दिलेली ही शिक्षा पाहून तेव्हा पुष्कळांनी कपाळाला हात लावला होता.

बायूवासी

रिडलीची तुलना भावनिकदृष्ट्या पटते, पण सट्ट्याचा नियम स्पष्ट लिहिलेला होता आणि त्याने गुन्हा कबूलही केला होता. मला त्याहून मोठी विषमता मालकांच्या बाबतीत दिसते. आचारसंहितेत मालकांना खेळाडूंपेक्षा उच्च मापदंड लागू असल्याचे लिहिलेले आहे, आणि संघटनेने वॉटसनच्या बचावात नेमके तेच पुढे केले होते. वॉशिंग्टनच्या संघातील स्त्री कर्मचाऱ्यांच्या छळाच्या चौकशीनंतर जुलै २०२१ मध्ये संघाला एक कोटी डॉलर दंड झाला, परंतु त्या चौकशीचा लेखी अहवाल लीगने मागवलाच नाही. त्या संघाचे मालक डॅन स्नायडर यांनी २०२३ मध्ये संघ विकला तेव्हा सहा कोटींचा आणखी एक दंड भरला, पण विक्रीतून सहाशे कोटींहून अधिक डॉलर आले होते. वॉटसनचा बचाव म्हणून हा मुद्दा मला मान्य नाही. लीगवरचा आरोप म्हणून मात्र तो पुरेसा आहे.

ईरीकाठ

तक्रारदार स्त्रिया पार्श्वभूमीला जाऊ नयेत, हे बायूवासी यांचे म्हणणे रास्त आहे. पण मालकांच्या वर्तनाकडे लक्ष वेधण्यामागे माझा हेतूही तोच आहे. तारखांचा क्रम पाहा. वर्तनाच्या प्रकरणात पहिला दावा दाखल झाल्यापासून निलंबन ठरेपर्यंत सतरा महिने गेले. पैशाच्या प्रकरणात मात्र करार जाहीर झाल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत मालकांच्या बैठकीत हालचाल झाली.

हे माझे अनुमान नाही. खेळाडूंच्या संघटनेने मालकांवर संगनमताचा आरोप करून लवादाकडे तक्रार केली होती, आणि लवाद क्रिस्टोफर ड्रोनी यांनी जानेवारी २०२५ मध्ये ६१ पानी निकाल दिला. त्यात असे नमूद आहे की, मार्च २०२२ च्या बैठकीत लीगच्या व्यवस्थापन समितीने, आयुक्तांच्या संमतीने, संघांना खेळाडूंच्या हमीच्या रकमा कमी ठेवण्यास प्रोत्साहन दिले. मात्र संघांनी त्यानुसार प्रत्यक्ष एकत्रित कृती केल्याचा पुरेसा पुरावा नाही, म्हणून तक्रार फेटाळली. ॲरिझोनाचा क्वार्टरबॅक कायलर मरे याचा २०२२ चा करार झाल्यानंतर त्या संघाचे मालक मायकल बिडवेल आणि चार्जर्सचे डीन स्पॅनॉस यांनी एकमेकांना पाठवलेले समाधानाचे संदेशही त्या निकालात आहेत. मरेच्या त्याच करारात दर आठवड्याला चार तास स्वतंत्र अभ्यास करण्याची अट घातली होती, जी बोभाटा झाल्यावर काढावी लागली.

सर्वांत विचित्र भाग पुढेच आहे. हा निकाल पाच महिने कुणालाही कळला नाही. जून २०२५ मध्ये पत्रकार पाब्लो टोरे यांनी तो प्रसिद्ध केला तेव्हा उघड झाले की, तो गुप्त ठेवण्याविषयी लीग आणि संघटना यांच्यात समझोता होता. ज्या खेळाडूंच्या वतीने तक्रार होती, त्यांच्याच संघटनेने निकाल त्यांच्यापासून दडवला. जुलैमध्ये संघटनेचे कार्यकारी संचालक लॉइड हॉवेल यांनी राजीनामा दिला. त्यामागे आणखीही कारणे होती, पण हे प्रकरण त्यांतले मोठे होते. अपील करण्याचे शहाणपणही संघटनेला निकाल फुटल्यानंतरच सुचले.

भोचक

खेळाडूंच्या वर्गणीवर चालणारी संघटना खेळाडूंपासूनच कागद लपवते, हे वाचून आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या कमिटीची आठवण झाली.

रात्रपाळी

संगनमताचा मुद्दा मला पूर्णपणे पटलेला नाही. लमार जॅक्सनचेच उदाहरण घ्या. मार्च २०२३ मध्ये रेव्हन्सने त्याला असा टॅग लावला की पहिल्या फेरीच्या दोन निवडी देण्याची तयारी असलेला कोणताही संघ त्याच्याशी बोलू शकला असता. एमव्हीपी (हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू) ठरलेला, २६ वर्षांचा क्वार्टरबॅक उपलब्ध असताना अनेक संघांनी आपल्याला रस नसल्याचे परस्पर कळवले, हे संशयास्पद होते, हे खरे. पण अखेर एप्रिलमध्ये त्याने रेव्हन्सशीच पाच वर्षांचा २६ कोटींचा करार केला, त्यात १८.५ कोटींची हमी होती, आणि तोही एजंटविना. याला अन्याय म्हणणे जड जाते.

दुसरे असे की, मालकांना घाबरण्याचे कारण वॉटसननेच पुरवले. २०२२ मध्ये सहा, २०२३ मध्ये सहा आणि २०२४ मध्ये सात, असे तीन हंगामांत मिळून तो ब्राउन्ससाठी १९ सामने खेळला. आधी खांद्याचे हाड मोडले, मग ऑक्टोबर २०२४ मध्ये पायाची अकिलीस शीर तुटली आणि जानेवारी २०२५ मध्ये तीच पुन्हा तुटली. डेन्व्हरने क्वार्टरबॅक रसेल विल्सनला मार्च २०२४ मध्ये मुक्त केले तेव्हा ८.५ कोटी डॉलर सॅलरी कॅपच्या (संघाच्या एकूण वेतनखर्चावरील मर्यादेच्या) हिशेबात विनाकारण सोसावे लागले, आणि त्याची हमी वॉटसनपेक्षा कितीतरी कमी होती. हे पाहून प्रत्येक मालकाने स्वतंत्रपणे हात आखडता घेतला असेल, तर त्याला कट कसे म्हणणार?

ईरीकाठ

प्रत्येकाने स्वतंत्रपणे घेतला असता तर मीही आक्षेप घेतला नसता. वॉटसनच्या या दुखापती २०२३ पासूनच्या आहेत आणि बैठक मार्च २०२२ ची आहे. त्या वेळी तो करार वाईट ठरेल हे कुणाला ठाऊक नव्हते. तो इतरांना महाग पडेल एवढेच ठाऊक होते.

करार वाईट होता याबद्दल क्लीव्हलँडमध्ये आता दुमत नाही. मार्च २०२५ मध्ये खुद्द मालक जिमी हॅस्लम यांनी आपला निशाणा साफ चुकल्याची जाहीर कबुली दिली. सलग तीन वर्षे पहिल्या फेरीची निवड नसल्यामुळे संघ आतून पोकळ झाला. टेक्सन्सने मात्र आमच्या २०२३ च्या निवडीची भर घालून ॲरिझोनाकडून तिसरा क्रमांक घेतला आणि बचावपटू विल अँडरसन मिळवला. जानेवारी २०२४ च्या प्लेऑफमध्ये (बादफेरीत) त्याच टेक्सन्सने आम्हाला ४५-१४ ने हरवले तेव्हा वॉटसन जखमी होता आणि आमच्याकडून ३८ वर्षांचा जो फ्लॅको खेळत होता. त्या रात्रीविषयी अधिक लिहिण्याची इच्छा नाही.

बायूवासी

त्या रात्री इकडे फार आनंद झाला, हे नम्रपणे नमूद करते. मात्र ४ डिसेंबर २०२२ चा सामना मला अधिक आठवतो. अकरा सामन्यांचे निलंबन संपवून वॉटसन ज्या मैदानावर परतला ते ह्यूस्टनचेच होते. तक्रारदार स्त्रियांपैकी काही जणी तो सामना पाहायला येणार असल्याचे त्यांचे वकील टोनी बझबी यांनी आधीच सांगितले होते. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, ब्राउन्सने २७-१४ असा विजय मिळवला आणि दुसऱ्या दिवशीच्या चर्चेचा विषय त्याचे फेकण्याचे तंत्र गंजले आहे का, हा होता.

परिशिष्ट

२०२५ च्या ऑफसीझनमधील दोन घटना या धाग्यात नोंदवायला हव्यात. पहिली दुसऱ्या फेरीतील नवोदितांची. त्या वर्षी मे महिन्यात टेक्सन्सने ३४ व्या क्रमांकावर निवडलेल्या जेडन हिगिन्सला संपूर्ण हमीचा करार दिला. दुसऱ्या फेरीत असे पूर्वी कधी झाले नव्हते. पाठोपाठ ब्राउन्सनेही ३३ व्या क्रमांकावरील कार्सन श्वेसिंगरला तसाच करार दिला, आणि मग त्या फेरीतील उरलेल्या तिसांनी जुलैपर्यंत सही करायचे नाकारले. म्हणजे वॉटसनच्या करारानंतर वरच्या टोकाला जी दारे बंद झाली, तीच खालच्या टोकाला विशी-बाविशीतल्या मुलांनी ढकलून पाहिली. तेथे रकमा लहान असल्यामुळे मालकांचा विरोधही तुलनेने सौम्य होता.

दुसरी घटना सिनसिनाटी बेंगल्सची आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. पहिल्या फेरीत १७ व्या क्रमांकावर निवडलेल्या शेमार स्टुअर्टने वसंतातील सरावात भाग घेतला नाही आणि करारावर सहीही केली नाही. रकमेवरून वाद नव्हता, कारण ती त्याच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेलीच असते. वाद एका कलमावरून होता: खेळाडूने एका वर्षी कराराचा भंग केला तर पुढील सर्व वर्षांची हमी रद्द करण्याचा अधिकार संघाला हवा होता, आणि संघाने आधीच्या नवोदितांच्या करारांत असे कलम घातले नव्हते, असे स्टुअर्टच्या बाजूचे म्हणणे होते. जुलैच्या अखेरीस करार झाला. वर्तनामुळे हमी जाणार नाही असे कलम २३ कोटींच्या कराराबरोबर एका प्रस्थापित खेळाडूला मिळाले होते. तीन वर्षांनंतर, ज्याच्यावर कसलाही आरोप नाही अशा नवोदिताला त्याच्या नेमके उलट कलम मान्य करायला सांगितले जात होते.